गुरुवार नव्हे, बुधवार

चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. घेतला तर पलीकडून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चष्मा शोधून नाकावर चढवण्याइतकी शांतता, आणि मग एक बारीक, स्वच्छ, शाळेच्या बाकावर ताठ बसून घडलेला आवाज. “सव्वाचार होऊन गेलेत म्हणून केला. दुपारी पडत असाल तुम्ही.” मी म्हटलं, नाही हो, बोला ना. “तुमचं पाण्यावरचं पुस्तक वाचलं. भाचीने आणून दिलं. हौदांचं छान आलंय. पान ८७, चौथी ओळ. तुम्ही १२ जुलै १९६१, गुरुवार असं लिहिलंय. गुरुवार नव्हता. बुधवार होता.” मी म्हटलं, काकू, बघून सांगते. “बघा ना. मला बघायला नको. आमचा शिवणाचा तास बुधवारी असायचा.” पुढच्या आवृत्तीत तेवढं दुरुस्त करा म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागाशी निदान भांडता येतं. आधण आटून निम्मं झालं होतं.

मोबाइलवरचं कॅलेंडर मागे मागे सरकवत १९६१ पर्यंत नेलं. अंगठा दुखायला लागला. जुलै. १२.

बुधवारच होता.

१२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. पानशेतचा वार हे पुण्यात काही गुपित नाही. नदीकाठच्या पेठांमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना तो घरातल्या माणसाच्या श्राद्धतिथीसारखा पाठ असतो. आणि मी तर त्या शहराच्या पाण्यावर २४० पानं लिहिलेली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेलं पाणी, जमिनीखालचा तो नळ, नळातली हवा बाहेर पडावी म्हणून मध्ये मध्ये बांधलेले उच्छ्वास, काळा हौद, बदामी हौद, साततोटीचा हौद, सगळं पायी फिरून लिहिलेलं. मग हे कसं झालं? माझ्याकडे १९ लाँगबुकं आहेत. २०० पानी, रेघांची, अप्पा बळवंत चौकातल्या एकाच दुकानातून वर्षानुवर्षं घेतलेली, पाठीवर पांढऱ्या पट्टीत नंबर घातलेली. सातव्या लाँगबुकात सापडलं. मुंबईच्या एका दैनिकाची बांधीव फाइल मी त्या दिवशी वाचत होते, आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: १३ जुलै, गुरु. तो अंकाचा वार. खाली बातमीतली तारीख, १२. लिहायला बसले तेव्हा तारीख खालून उचलली आणि वार समासातून. दोन्ही गोष्टी खऱ्या, फक्त एकमेकींच्या नव्हत्या.

चूक कशी झाली ते कळलं की माणसाला हायसं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. कारण कशी झाली ते कळलं, पण का झाली तेही मला माहीत होतं. ते पान मी ज्या मे महिन्यात लिहिलं, त्या महिन्यात माझ्या टेबलावर तीन कामं होती. पाण्याचं पुस्तक, एका पुरवणीतलं दर आठवड्याचं सदर, आणि एका पतसंस्थेच्या ५० वर्षांची स्मरणिका. पानशेतचा परिच्छेद मी वीस मिनिटांत लिहिला होता. आणि लिहून झाल्यावर, हेही आठवतं, मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. हात कसा बसलाय आता, असं काहीतरी.

मी मूळची लेखिका नव्हे, मुद्रितशोधक. शनिवार पेठेत एका छापखान्यात मी १९९४ साली लागले. पुस्तकं तोवर कॉम्प्युटरवर जुळायला लागली होती, पण लग्नपत्रिकांसाठी कोपऱ्यात एक ट्रेडल मशीन अजून धडधडत असे आणि शिशाच्या खिळ्यांच्या केसेस भिंतीला टेकून उभ्या होत्या. शाई, रॉकेल आणि बापूंच्या तपकिरीचा मिळून एक वास होता तिथे. तो नुसता आठवला तरी मला अजून अनुस्वार दिसायला लागतात. बापू म्हणजे तिथले मुख्य प्रूफरीडर. लाकडी पट्टी एकेका ओळीखाली धरायचे आणि शेवटचं वाचन खालून वर करायचे. “मजकूर वाचायला लागलीस की चूक दिसायची नाही,” म्हणायचे, “मजकूर म्हणजे भूल आहे.” नाव, आकडा, वार आणि वय, या चार ठिकाणी मुद्राराक्षस कधी झोपत नाही, हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यांच्या खणात एका पुठ्ठ्यावर चिकटवलेला तक्ता होता, कुठल्याही सालातल्या कुठल्याही तारखेचा वार काढून देणारा, कडा हाताच्या तेलाने काळ्या पडलेला. वार आला की तक्ता बाहेर. लेखक कितीही मोठा असो. एका नामवंत प्राध्यापकांनी स्वतःच्या मुंजीचा वार चुकवलेला बापूंनी पकडला होता, आणि प्राध्यापक “मुंज माझी झाली आहे” असं म्हणाले तेव्हा “हो, पण कॅलेंडर सगळ्यांचं आहे” असं बापू म्हणाले होते.

बापूंनी माझा गुरुवार पान ८७ वर पोचूच दिला नसता. पण बापू गेले, छापखाना गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. प्रूफं पीडीएफ होऊन येतात आणि बहुतेक वेळा लेखकच ती वाचतो. वाचतो म्हणजे काय, आपलं लिहिलेलं कुणी वाचत नसतं, आठवत असतं. डोळा ओळीवरून जातो आणि डोकं आधीच पुढच्या वाक्यात जाऊन बसलेलं असतं. इतरांच्या पुस्तकांतले हजारो वार आणि तारखा पारखून पोट भरलेली मी, स्वतःच्या पुस्तकात त्याच ओळीवरून तीनदा घसरत गेले.

गेल्या डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवात एका तरुणाने मला गाठलं होतं. आयटीतली नोकरी सोडून पुण्याच्या टेकड्यांवर पुस्तक लिहायचं त्याच्या मनात होतं. “मॅडम, १५ वर्षांत ११ पुस्तकं. कसं जमवता?” मी नेहमीचं उत्तर दिलं. सकाळी ५ ते साडेआठ, रोज ५०० शब्द, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे दीड लाख शब्द. त्यातले निम्म्याहून जास्त केरात गेले तरी एक पुस्तक उरतंच. त्याने मोबाइलवर टिपून घेतलं. मला बरं वाटलं. मग त्याने विचारलं, आणि पैसे? तेव्हा मी भेळ खाऊ या का म्हणून विषय बदलला.

तेव्हा जे सांगितलं नाही ते आता सांगायला हरकत नाही. ३०० रुपयांचं पुस्तक, १,००० प्रती, दहा टक्के रॉयल्टी. सगळ्या खपल्या तर ३०,००० रुपये, आणि सगळ्या खपायला तीन-चार वर्षं. पुण्यात ज्याला लेखक म्हणतात तो माणूस बहुतेक करून बँकेत, कॉलेजात किंवा टेलिफोन खात्यात असतो, आणि लेखक संध्याकाळी होतो. मी छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा नवऱ्याच्या पगारावर घर चालेल एवढी सोय होती, हे आधी कबूल करायला हवं. त्याशिवाय ही गोष्ट खोटी होईल. बाकी सगळं मी शब्दांकनावर उभं केलं. एका बांधकाम व्यावसायिकाचं आत्मचरित्र, ज्यात ‘मी शून्यातून आलो’ हे वाक्य त्यांना प्रत्येक प्रकरणात हवं होतं. एका मंगल कार्यालयाच्या मालकांच्या वडिलांचा गौरवग्रंथ. इंग्रजीतून मराठीत यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारी दोन पुस्तकं, शब्दाला ४० पैसे. त्या मंगल कार्यालयाने मला माझ्या पहिल्या तीन पुस्तकांनी मिळून दिलं त्याहून जास्त दिलं, वर पंगतीत बसवून जिलबी खाऊ घातली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? या कामांनीच मला पुरालेखागारातल्या टेबलाशी आठ-आठ दिवस बसायची चैन करता आली.

आणि एक युक्ती होती. एकाच दुधाचं दही, ताक, लोणी, तूप. विषय हाती लागला की आधी सदरात ७०० शब्द. त्यावर वाचकांचे फोन येतात, कुणाच्या घरी जुना नकाशा असतो, कुणाचे आजोबा नळखात्यात असतात. त्यातून दिवाळी अंकासाठी ३,००० शब्द. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष उलटंच चालतं: मेमध्ये संपादकांचा फोन, जुलै-ऑगस्टात मजकूर, म्हणजे आमची दिवाळी श्रावणातच होऊन जाते आणि खऱ्या दिवाळीत आम्ही मानधनाचा चेक कधी येईल याचा विचार करत चकली खात असतो. मग व्याख्यान. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेलं हे गाव, व्याख्यानाला माणसं येतातच. पहिल्या रांगेत बसतात, शेवटी प्रश्न म्हणून दहा मिनिटं स्वतःच बोलतात, जाताना टेबलावरचं पुस्तक हातात घेतात, उलटं करून किंमत बघतात आणि अलगद परत ठेवतात. पण त्या प्रश्नांतूनच मला पुस्तकाची प्रकरणं सुचली आहेत. सगळ्यांत शेवटी पुस्तक. तोवर विषय चार वेळा ढवळून झालेला असतो, लिहायला वेळ लागत नाही.

लिहायला वेळ लागत नाही, इथेच गोम आहे. रोजच्या शब्दांचा आकडा मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिते. आई दुधाचा हिशोब जिथे लिहायची तिथेच, त्या दिवसाच्या चौकोनात, खाली उजवीकडे. ५२०. ४८०. ६१०. पाहुणे असले की फुली. महिना संपला की बेरीज. काकूंचा फोन आला त्या रात्री मी ती जुनी पानं काढून बघितली, कारण मी ती टाकत नाही, सुरळी करून माळ्यावर ठेवते. ज्या दिवशी पानशेत लिहिलं त्या चौकोनात ११४० असा आकडा होता आणि त्याभोवती, लाज वाटते सांगायला, एक छोटं वर्तुळ. विक्रम. चौकोनाच्या ओळीला सुरुवातीलाच वार छापलेला. वर्षानुवर्षं मी वारांच्या शेजारी आकडे मांडत होते.

काही वर्षांपूर्वी टिळक रोडवरच्या एका सभागृहात माझी ओळख करून देताना एका गृहस्थांनी मला ‘बहुप्रसव लेखिका’ म्हटलं. त्यांना भरपूर लिहिणारी असं म्हणायचं असावं. सभागृहात खसखस पिकली, मीही हसले, आणि घरी येईपर्यंत मला त्या शब्दाची खूण नीट कळली. आमच्याकडे बारा वर्षांत एक पुस्तक लिहिणारा व्यासंगी ठरतो. बारा वर्षांत आठ लिहिली तर पाट्या टाकते म्हणतात. मग मी मनातल्या मनात बचावाचे साक्षीदार उभे करते. भारत इतिहास संशोधक मंडळात खिडकीपाशी बसून हे खटले मी कितीदा चालवले आहेत. रियासतकार सरदेसाई काढते. बडोद्याची नोकरी आटपून कामशेतला येऊन राहिलेला माणूस. पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड त्यांच्या देखरेखीखाली १९३० ते १९३४ एवढ्याच काळात निघाले. ज्यांनी तो रुमाल कधी सोडलाय त्यांना कळेल, गाठ सुटल्यावर कापडातून उठणारी धूळ, मोडीचा तो एकसलग वेलबुट्टीसारखा मजकूर, आणि एक कागद लागेपर्यंत गेलेली दुपार. मग केतकर काढते. ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, शेअर विकले आणि २३ खंड पुरे केले. त्यातला एक अख्खा खंड नुसती सूची. आजच्या प्रकाशकांना मी पुस्तकाला सूची जोडू या म्हटलं की ते म्हणतात, ताई, फर्मा वाढतो. १६ पानांसाठी.

पण बचाव करताना मी एक गोष्ट सोयीने वगळते. सरदेसायांच्या हाताखाली मदतनीस होते, केतकरांकडे लेखक-संपादकांचं मंडळ होतं. एकाने लिहिलेलं दुसरा बघत होता. माझ्याकडे कालनिर्णय आहे.

पंधरा दिवसांनी मी काकूंकडे गेले. खरं तर नंबर लावून नुसतं “तुमचं बरोबर होतं” म्हणता आलं असतं, पण ते फोनवर म्हणवेना. कोथरूडला राहतात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पानशेतच्या वेळी नारायण पेठेत नदीकडच्या बाजूला वाड्यात राहायच्या, मग गोखलेनगर, मग लग्न होऊन इथे. मी वाटेत पेढे घेतले होते, ते बघून म्हणाल्या, “चुकलात म्हणून पेढे? आमच्या वेळी अंगठे धरायला लावायचे.” मग त्यांनी ती सकाळ सांगितली. सातवीत होत्या. शिवणाची पिशवी घेऊन शाळेत गेल्या, शाळेने मध्येच घरी पाठवलं, घरी पोचेपर्यंत आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन रस्त्यात उभी. तिथून तशाच पर्वतीच्या बाजूला चालत सुटले सगळे. घरातलं काही घेता आलं नाही. संध्याकाळी नातेवाइकांच्या पडवीत बसल्यावर बघितलं तर आख्ख्या संसारातली एकच वस्तू सोबत आली होती, ती पिशवी. तिच्यात अर्धं शिवलेलं झबलं, सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. पुढे तीन दिवस ज्याचं त्याचं फाटलेलं त्याच सुईने शिवलं. मी विचारलं, पिशवी आहे अजून? “छे हो. आईने तिचं पायपुसणं केलं. कापड जाड होतं.”

मग त्यांनी माझं पुस्तक काढलं. पान ८८ वर पेन्सिलीने बारीक रेघ. मी तिथे ‘पाणी ओसरल्यावर लोक आपापल्या घरी परतले’ असं लिहिलं होतं. “हे चूक म्हणता येणार नाही,” काकू म्हणाल्या, “पण असं नसतं ते. पाणी ओसरतं ते नदीतून. घरातून चिखल काढावा लागतो. आम्ही गेलो तर दारच उघडेना. आतून चिखल चढलेला. बाबांनी खिडकीतून आत उडी मारली तर मांडीपर्यंत रुतले. गुळाचा, रॉकेलचा आणि कुजलेल्या धान्याचा मिळून एक वास. चण्यांचा डबा होता पितळेचा, चणे आत फुगून असे बसले की झाकण शेवटपर्यंत निघालं नाही. मोडीत घातला तसाच, चण्यांसकट. मोडवाल्याने वजनात धरले चणे.” आणि हसल्या.

मी ऐकत होते आणि माझा हात पिशवीतल्या लाँगबुकाकडे गेला होता. खरं सांगायचं तर मन दोन ठिकाणी होतं. एक कान त्या डब्याच्या झाकणावर आणि दुसरा हिशोब चाललेला: हे सदरात जाईल, छे, हे दिवाळी अंकासाठी ठेवावं. १५ वर्षांत माझी ही सवय झाली आहे, समोरचा माणूस रडत असला तरी आत कुणीतरी शब्दसंख्या मोजत असतं. मी हात मागे घेतला. काकूंनी ते बघितलं. “लिहून घ्या, लिहून घ्या,” म्हणाल्या, “नाहीतर पुन्हा गुरुवार कराल.”

घेतलं लिहून. विसाव्या लाँगबुकाचं पहिलं पान.

प्रकाशक माणूस भला आहे. ‘दुसरी आवृत्ती’ हे शब्द ऐकून त्याने पंखा एकने वाढवला. “ताई, १,००० काढल्या त्यातल्या ३५६ अजून गोडाउनला आहेत. मार्चमध्ये ग्रंथालयांची खरेदी झाली तर थोड्या हलतील. वार आपण पुढच्या वेळी बघू.” पुढची वेळ म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, मग शुद्धिपत्र लावू. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी लिफाफ्याला लाखेची मोहोर लावू या म्हणते आहे. आता कोण लावतं शुद्धिपत्र? आणि ज्या ६४४ गेल्या त्यांचं काय? त्याचं खरं होतं. गावोगावच्या वाचनालयांत, कपाटांत, भाच्यांनी मावश्यांना दिलेल्या भेटींत माझा गुरुवार आता कायमचा आहे. नुसता आहे असं नाही, तो हिंडतोही. गेल्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात कुणाच्या तरी लेखात ‘गुरुवार, १२ जुलै’ मी स्वतः वाचलं होतं, संदर्भ न देता उचललेलं, आणि तेव्हा राग आला होता तो संदर्भ दिला नाही म्हणून. चूकही बहुप्रसव असते.

तर पट्ट्या मी माझ्या खर्चाने छापून घेतल्या. ३५०, हातावर मावेल एवढ्या. दोनच दुरुस्त्या. पान ८७, ओळ ४: ‘गुरुवार’ऐवजी ‘बुधवार’ वाचावे. दुसरी पान ८८ ची, तिच्यावर मी सकाळच्या सकाळ घालवल्या. ‘लोक आपापल्या घरी परतले’ऐवजी काय वाचावे? चण्यांचा डबा पट्टीत मावत नव्हता. शेवटी ‘लोक चिखल उपसायला परतले’ एवढंच केलं. चार शब्द. त्या आठवड्यातल्या कालनिर्णयच्या चौकोनांत सगळीकडे शून्य आहे आणि एका ठिकाणी ४.

गोडाउन धायरीला आहे, एका शेडमध्ये. खालच्या बाजूला कुणाचं तरी फरसाणाचं युनिट, त्यामुळे माझ्या पुस्तकांना शेवेचा वास येतो हे मला त्या दिवशी कळलं. गठ्ठे उतरवून द्यायला तिथला पोरगा होता, विशीतला, कानात इअरफोन. मी डिंकाची बाटली काढली तर त्याने ती बाजूला सारली. डिंकाने कागद आक्रसतो, म्हणाला, आणि शेजारच्या बाइंडिंगवाल्याकडून डबाभर खळ घेऊन आला. पट्टी कशी लावायची तेही त्यानेच दाखवलं: सगळ्या अंगाला खळ लावायची नाही, फक्त शिवणीकडच्या कडेला बोटाने एक रेघ ओढायची, म्हणजे पट्टी उघडता येते आणि निघत नाही. सकाळी दहाला बसलो. पहिल्या ५० प्रती मी प्रत्येक वेळी पान ८७ उघडून तो गुरुवार बघत होते. मग नुसतं शीर्षकपानानंतरचं पान, खळ, पट्टी, दाब, पुढची. दुपारी त्याने डब्यातली पोळी-भाजी काढली, मी माझा डबा काढला. त्याने इअरफोन काढून विचारलं, पुस्तकात काय आहे? मी म्हटलं, पाणी. “आमच्याकडे टँकर येतो,” तो म्हणाला.

चारच्या सुमाराला पट्ट्या संपल्या. प्रती उरल्या सहा. हिशोब सरळ होता, ३५६ वजा ३५०. छापायला टाकताना ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण गोल आकडा बरा म्हणून मी सांगून मोकळी झाले होते. पोरगा म्हणाला, राहू द्या सहा, सहा कुणाला कळतायत? मी पेन काढलं. पहिल्या प्रतीत अक्षर नीट काढलं, जसं बापू समासात काढायचे. तिसरीपर्यंत हात सैल पडला. तो शेजारी उभा राहून वाचत होता.

“वार चुकला, एवढंच? मला वाटलं कुणाचं तरी नाव चुकलं.”

“एवढंच.”

त्याने लिहून झालेल्या प्रती गठ्ठ्यात घातल्या, वरून प्लास्टिकची पट्टी ओढून घट्ट केली. मग खळीचा डबा हातात घेऊन दारापर्यंत गेला आणि परत वळला. “ताई, आज काय वार आहे? बाइंडिंगवाल्याचे पैसे शनिवारी द्यायचेत.”

मला माहीत होता. तरी मोबाइल काढून बघितला.